एक्केचाळीस मुद्दे, त्यातले शेवटचे तीन

पत्र: मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते. जेईई आणि सीईटी दोन्हीची शिकवणी लावली आहे, पण लक्ष सगळं कॉम्प्युटरवर गेम बनवण्यात. वर्षभर खपून त्याने आपल्या मारबतीवर एक गेम केला. ज्युनिअर कॉलेजांच्या एका स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं, सगळ्यांनी कौतुक केलं. त्यानंतर पंधरा दिवसांत पोट्ट्याने तो गेम इंटरनेटवरून काढून टाकला. म्हणतो, भिकार झालाय, लोकांना कळत नाही. वहीत स्वतःच्याच गेममधल्या ४१ चुका लिहून ठेवल्यात, त्या पानांचे फोटो सोबत पाठवतो. ज्याचा स्वतःच्या कामावर विश्वास नाही तो या लाइनीत काय टिकणार? त्यात आता सरकारने गेमिंगवर बंदीही आणली. तुम्ही त्याला समजावून सांगा, तुमचं ऐकेल. मी कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला आहे. त्याचं मार्गी लागावं एवढीच इच्छा.
एक वडील, मानेवाडा, नागपूर

नमस्कार.

तुमच्या पत्राआधी मी फोटो उघडले. फोनवर तसंच होतं, मजकुराच्या आधी चित्र दिसतं. चार पानं. तिसऱ्यावर तुमच्या हाताची सावली पडली आहे आणि ओळी तिरप्या गेल्या आहेत, म्हणजे घाईत काढलेला फोटो. म्हणून पहिला प्रश्न मीच विचारते: हे फोटो काढलेत तेव्हा मुलगा कुठे होता? शिकवणीला गेला असावा, असा माझा अंदाज. आणि ते माझ्याकडे आलेत हे त्याला माहीत नसावं, हाही.

वही उघडल्याबद्दल मी तुम्हाला भाषण देणार नाही. पोर घुम्यासारखं वागायला लागलं की आईबाप दप्तर चाचपतात, मीही चाचपलं असतं. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. सापडलेली पानं तुम्ही पत्राला वकिलासारखी जोडलीत: बघा, हा स्वतःच कबूल करतोय! बावीस वर्षं मी धरमपेठेत करिअर मार्गदर्शनाच्या या खुर्चीवर बसते आहे. पालक मार्कलिस्टा आणतात, काही जण कुंडल्याही आणतात. मुलाच्याच हस्ताक्षरातला कबुलीजबाब आणणारे तुम्ही पहिले. मला खटकलं ते हे. ९१ टक्क्यांत खटकण्यासारखं काही नाही.

आता फोटो आलेच होते, तर मी ते वाचले. वाचायला नको होते. त्याची माफी मी मुलाला भेटून मागेन.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इतवारी-महाल या जुन्या भागातून काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे निघतात, सोबत त्या वर्षी लोकांचा ज्याच्यावर राग असेल त्याच्या नावाचे बडगे, म्हणजे तेही पुतळेच. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत मिरवत न्यायचं आणि शेवटी जाळायचं. यादीवरून मला समजलं ते असं, की या मुलाच्या गेममध्ये चार पोट्टे एक उंच बडग्या खांद्यावर घेऊन अरुंद गल्ल्यांतून निघतात. गर्दी ढकलते, बडग्या डोलतो, वर विजेच्या तारा आहेत. तारेला टेकला की खेळ संपला.

आता यादी. नववा मुद्दा: 'दुसऱ्या गल्लीत खेळणारा तीनदा मरतो. चूक त्याची नाही, माझी. वळण दिसायच्या आत गर्दी अंगावर येते.' बाविसावा: 'ढोल सगळीकडे एकाच ठेक्यात वाजतो. मिरवणूक तापत जाते तसा ठेका चढायला हवा.' सव्विसावा तर मी दोनदा वाचला: 'परीक्षकांना मारबत आवडली. गेम नाही.' सतराव्या वर्षी स्वतःच्या बक्षिसाकडे इतक्या थंड डोक्याने बघणारा मुलगा माझ्याकडे क्वचित येतो. येतात ते 'सर, माझा प्रोजेक्ट वर्ल्ड क्लास आहे' म्हणणारे. (मला सर म्हणतात, तेही चालवून घेते.)

असे अडतीस मुद्दे. प्रत्येकात काय बिघडलं ते आहे, आणि बहुतेकांत का बिघडलं तेही. मग एक ओळ मोकळी, आणि दुसऱ्या पेनाने तीन मुद्दे: 'मला हे जमत नाही.' 'एक वर्ष फुकट घालवलं.' 'बाबा बरोबर म्हणतात.'

तुम्ही एक्केचाळीसच्या एक्केचाळीस एका रांगेत मोजलेत. पहिले अडतीस गेमबद्दल आहेत, शेवटचे तीन मुलाबद्दल. पहिले अडतीस त्याने स्वतः शोधले. शेवटचे तीन त्याला कुणीतरी ऐकवलेत, आणि कुणी ऐकवलेत तेही त्याने शेवटच्यात लिहून ठेवलंय.

तुम्ही वीज केंद्रात आहात म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. युनिट ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, की तुमच्याकडे काय करतात? कुठला ट्यूब फुटला, अलार्म किती वाजता आला, कुणी काय पाहिलं आणि काय पाहायचं राहिलं, याचा अहवाल लिहितात. तो लिहिणाऱ्या इंजिनिअरला कुणी म्हणतं का, की याचा आपल्या केंद्रावर विश्वास नाही, याला क्लार्क करा? उलट, ट्रिपिंगचं कारण धड न लिहिता 'तांत्रिक बिघाड' एवढंच खरडणाऱ्याकडे तुम्ही संशयाने बघता. तुमच्या मुलाने ट्रिपिंग रिपोर्ट लिहिलाय. पहिलाच आहे, पण बरा लिहिलाय.

आणि या धंद्यात तो लिहिण्याची रीतच आहे. 'गेम डेव्हलपर' नावाचं अमेरिकेतलं मासिक २०१३ पर्यंत निघायचं. त्यात गेम बाजारात आल्यावर तो बनवणारी मंडळी स्वतःच त्याचं पोस्टमॉर्टम लिहायची. साचा ठरलेला: पाच गोष्टी जमल्या, पाच फसल्या. गाजलेल्या गेमलाही यातून सुटका नव्हती. मारिओ आणि झेल्डा ज्यांनी जन्माला घातले ते जपानचे शिगेरू मियामोतो 'झेल्डा २' या १९८७ च्या गेमबद्दल कित्येक वर्षांनी म्हणाले की यात आम्ही आणखी बरंच करू शकलो असतो. तो खपला नव्हता असं नाही, चांगला खपला होता. २००७ च्या 'बायोशॉक'ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. त्याचा कर्ता केन लेव्हिन शेवटच्या लढाईबद्दल काय सांगतो? एवढा भारी गेम, आणि अखेरीस तुम्ही लढता कुणाशी, तर एका अवाढव्य उघड्याबंब माणसाशी. याहून बरं आम्हाला सुचलंच नाही, असं तो सरळ कबूल करतो. तेव्हा 'स्वतःच्या कामाला नावं ठेवतो म्हणजे विश्वास नाही' हे तुमचं गणित मुळातच उलटं आहे. गेम बनवणाऱ्याला आपलं काम शेकडो वेळा खेळून पाहावं लागतं. बाहेरचा माणूस एकदा खेळतो आणि टाळ्या वाजवतो. बनवणाऱ्याला प्रत्येक वेळी तीच फट दिसते. ती दिसेनाशी झाली तर काळजी करा.

तुम्ही नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेला असाल, तर मास्तर बाहेर गेले की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' तुम्हीही लावला असेल. पांढऱ्या कपड्यांतला तो पोरगा, उडी चुकली की खालच्या सुळ्यांवर. त्याची धाव आणि उडी खऱ्या माणसाची वाटायची, कारण जॉर्डन मेकनर या विशी-पंचविशीतल्या मुलाने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं होतं आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवली होती. १९८५ पासूनची त्याची डायरी आज छापील मिळते. ती शंकांनी भरलेली आहे. हा गेम पुरा करावा की सोडून सिनेमाच्या पटकथा लिहाव्यात, यातच तो वर्षानुवर्षं हेलकावे खातो. १९८९ मध्ये गेम आला, तेव्हा सुरुवातीला फारसा खपलाही नाही. दुसऱ्या संगणकांवर गेला तेव्हा चालला. २०११ साली मेकनर सॅन फ्रान्सिस्कोला गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत उभा राहिला आणि त्याच गेमचं पोस्टमॉर्टम सगळ्यांसमोर मांडलं. त्याची डायरी वडिलांनी फोटो काढून कुणा मार्गदर्शकाकडे पाठवली असती तर काय झालं असतं कोण जाणे. हा टोमणा आहे, कळला असेलच.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या मुलाच्या विरुद्ध आहे. गेम काढून टाकायला नको होता. २०१४ मध्ये व्हिएतनामच्या डाँग न्यूयेनने 'फ्लॅपी बर्ड' हा आपला गेम ऐन भरात मागे घेतला होता, हे तो मला ऐकवेल. पण न्यूयेनला खुपत होतं ते लोकांना लागलेलं व्यसन. इथे कारण निव्वळ लाज आहे. 'बायोशॉक'मधला तो उघडाबंब माणूस आजही जागच्या जागी उभा आहे, आणि लेव्हिन पुढच्या कामाला लागला. फसलेलं चारचौघांत राहू द्यायचं आणि सुधारणा पुढच्या गेममध्ये करायची, हे ज्याला जमत नाही तो एकच गेम दहा वर्षं घासत बसतो. अशीही मुलं मी पाहिली आहेत, त्यांना घासूनपुसून काही हाती लागलं नाही. शिवाय यादी अर्धी आहे. फसलेलं अडतीस, जमलेलं शून्य? चार पोट्ट्यांच्या पावलांनी बडग्या डोलतो ही कल्पना काही आकाशातून पडली नाही. जमलेले पाच मुद्दे लिहिल्याशिवाय ते पोस्टमॉर्टम होत नाही, हे मी त्याला सांगणार आहे.

परीक्षांचं थोडक्यात: जेईई आणि सीईटी चालू द्या, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं तर घ्या, डिझाइनकडे ओढ असेल तर यूसीड आणि एनआयडी या प्रवेश परीक्षांचे अर्ज वेळेत भरा. बंदीचं म्हणाल तर २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. मारबतीच्या गेमवर नाही.

पैशाचंही खरं ते सांगते, कारण हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, कोर्स विकणारे तर नाहीच. या धंद्यात २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर हजारो लोकांना घरी बसवलं गेलं. आपल्याकडचं बरंचसं काम मोबाइलवरच्या गेमचं किंवा परदेशी कंपन्यांसाठी चित्रं आणि चाचणी करून देण्याचं आहे, आणि त्यासाठी नागपूर सोडून पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद गाठावं लागतं. स्वतःच्या मातीतला गेम करणारे आहेत, पुण्यात बनलेला 'राजी' २०२० मध्ये जगभर पोचला, पण ती वाट लांबची आणि कडकीची आहे. 'दोन वर्षांत गेम डिझायनर' अशी पाटी लावलेल्या क्लासला लाखभर रुपये देऊ नका. त्या पैशात चांगला कॉम्प्युटर येतो. आणि आत्ताच सगळं ठरवायची घाईही नको. 'डार्क सोल्स' आणि 'एल्डन रिंग' हे गेम करणारे हिदेताका मियाझाकी कॉलेजात समाजशास्त्रांकडचं शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली, आणि २००४ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, कमी पगारावर गेम कंपनीत शिरले. २०१४ मध्ये त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. सगळ्यांचं असं होत नाही. पण बारावीच्या मार्च महिन्यात आयुष्याचा दरवाजा कायमचा बंद होतो ही भीती तुम्ही त्याच्या मानेवर ठेवली असेल तर ती उतरवा.

आता तुमची विनंती. त्याला समजावण्याचं काम मी घेत नाही. तुमचं म्हणणं माझ्या तोंडून वदवून घ्यायचं, असा त्याचा अर्थ होतो, आणि मुलांना ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. त्याऐवजी तुम्ही एवढं करा. आज संध्याकाळी त्याला सांगा की मी तुझी वही वाचली आणि फोटो काढून पाठवले. तो चिडेल. चिडू द्या, मध्ये बोलू नका, 'तुझ्याच भल्यासाठी' हे तर मुळीच नको. दोन-चार दिवसांनी त्याला तो गेम तुमच्यापुरता लावून द्यायला सांगा आणि शेजारी बसून खेळा. पत्रात स्पर्धा आहे, बक्षीस आहे, कौतुक आहे, पण तुम्ही स्वतः तो खेळल्याचा कुठे उल्लेख नाही. दुसऱ्या गल्लीत तीनदा मराल. तेव्हा 'छान आहे रे' म्हणू नका, त्याला ते खोटं वाटेल. इथे मी का मेलो, एवढंच विचारा.

त्यानंतर त्याला यावंसं वाटलं तर त्याला एकट्याला पाठवा. तुम्ही खाली तर्री पोहे खात बसा.

सतरावा मुद्दा तुमच्या नजरेतून सुटला असावा, त्याच तिरप्या फोटोत आहे: 'तारांची उंची अंदाजाने घेतली. बाबांना विचारायला हवी होती.' तुम्ही वीज बनवणारे, गल्लीतल्या तारा वितरणवाल्यांच्या, हा फरक मला कळतो. त्याच्या लेखी वीज म्हणजे तुम्ही. इतवारीच्या गल्लीत तार जमिनीपासून किती उंचीवर असते ते त्याला सांगून टाका. माहीत नसेल तर स्कूटर काढा आणि दोघं जाऊन बघून या.