आजोबांनी ट्रस्टला दिलेली टेकडी ट्रस्टी रिसॉर्टला देतायत, परत मागता येईल का?

ताईंचं पत्र चार पानी आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं आधी सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वाई तालुक्यात त्यांच्या आजोबांची सव्वाचार एकराची टेकडी होती, वर झाडी आणि मधे जुनी दगडी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, मोटेचं पाणी ज्यात ओतायचं ते थारोळं अजून शाबूत आहे आणि आतल्या कोनाड्याखाली चार ओळींचा शिलालेख आहे. १९७६ साली आजोबांनी ती गावातल्याच एका ट्रस्टला रजिस्टर बक्षीसपत्राने दिली, ट्रस्टचं काम म्हणजे अशा जुन्या आणि निसर्गरम्य जागा सांभाळायच्या आणि लोकांना खुल्या ठेवायच्या. आता मूळ ट्रस्टींची मुलं ट्रस्टी आहेत आणि त्यांनी ती टेकडी २९ वर्षांच्या लीजवर एका रिसॉर्टवाल्याला द्यायचं ठरवलंय, पेपरात टेंडरची नोटीसही आलीये. ताई विचारतायत की ट्रस्टने शब्द मोडला तर जमीन आम्हा वारसांकडे परत येईल ना? आणि नसेल येत तर हे थांबवायचं कसं?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही पण स्पष्ट सांगतो. परत येणार नाही. बक्षीसपत्र रजिस्टर झालं, ट्रस्टने ते स्वीकारलं, ताबा गेला, फेरफार झाला, सातबाऱ्यावर ट्रस्टचं नाव लागलं, तिथेच आजोबांची मालकी संपली. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम १२६ प्रमाणे बक्षीस रद्द होतं ते ठराविक कारणांनीच, एकतर देणारा आणि घेणारा यांच्यात आधीच ठरलेलं असायला हवं की अमुक घटना घडली तर बक्षीस रद्द, आणि ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नको, किंवा मग सही फसवून किंवा दबाव टाकून घेतली असं काहीतरी. तुम्ही पाठवलेल्या नकलेत मी तीनदा वाचलं, 'वारसांकडे परत' असं एकही वाक्य नाही. तुमचे काका म्हणतात की जमीन वडिलोपार्जित होती, आजोबांना एकट्याने देताच येत नव्हती, हा मुद्दा १९७६ नंतर दोन-चार वर्षांत उचलला असता तर त्यात काहीतरी होतं, आज पन्नास वर्षं होत आली, मुदतीच्या कायद्यात तो कधीच बुडालाय.

अजून एक, काकांनी कुणाकडून तरी ऐकलंय की शेतजमीन बिगरशेतकऱ्याला देता येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३, म्हणून बक्षीसच बेकायदा. ताई, हे शस्त्र हातात घेऊ नका. तो व्यवहार कलम ६३ च्या विरुद्ध ठरला तर पुढचं कलम आहे ८४क, आणि त्यात जमीन तुमच्याकडे येत नाही, सरकारजमा होऊ शकते. म्हणजे ट्रस्टीही गेले, तुम्हीही गेलात आणि टेकडीचं काय होईल ते कुणीच सांगू शकत नाही.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं, म्हणजे चांगल्या अर्थाने खटकलं. तुम्ही लिहिलंय, 'आता ती जमीन ट्रस्टींचीच झाली, त्यांना कोण अडवणार.' नाही ओ. ट्रस्टींची पण नाही झाली. ही गोष्ट आपल्याकडे भल्याभल्या लोकांना कळत नाही, खुद्द ट्रस्टींनाही नाही, त्यांना वाटतं सातबाऱ्यावर आपल्या ट्रस्टचं नाव म्हणजे आपलीच जमीन, बापाने अध्यक्षपद दिलं तशी जमीनही दिली. ते फक्त सांभाळणारे आहेत. जमीन त्या हेतूला बांधलेली आहे आणि हेतू तुमच्या आजोबांनी लिहून ठेवलाय, दुसऱ्या पानावर, शाई उडालीये पण वाचता येतं, 'गावकरी व येणारे-जाणारे यांस फिरण्यास, सावलीस बसण्यास व बारवेचे पाणी पिण्यास कायम खुली राहावी'. वकिलाने घातलेली भाषा नाही ही, आजोबांची स्वतःची वाटते. ही ओळ म्हणजे तुमची केस आहे.

आता थांबवायचं कसं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, जुन्या लोकांच्या तोंडी बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट, त्याचं कलम ३६ नीट समजून घ्या. ट्रस्टची जमीन विकायची, बदल्यात द्यायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची, म्हणजे ट्रस्टांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची, आधी परवानगी लागते, परवानगीशिवाय केलेला व्यवहार वैध नाही. लीजलाही तेच आहे पण तिथे वर्षांची मेख आहे. शेतजमीन असेल तर १० वर्षांपेक्षा जास्त लीजला परवानगी, बिगरशेती जमीन किंवा इमारत असेल तर ३ वर्षांपेक्षा जास्तला. २९ वर्षं दोन्हीत बसत नाहीत, म्हणजे त्यांना आयुक्तांकडे जावंच लागेल. मी अशा केसमध्ये नेहमी बघतो की लोक मग पळवाट काढतात, नऊ वर्षं अकरा महिन्यांचं लीज करायचं आणि सोबत वेगळ्या कागदावर रिन्यूअलचा शब्द द्यायचा, किंवा नाव द्यायचं 'मॅनेजमेंट ॲग्रीमेंट' आणि ताबा मात्र समोरच्याकडे. म्हणून पहिलं काम, आजचा सातबारा काढून बघा जमीन अजून शेती दाखवतीये की एनए, म्हणजे बिगरशेती, झालीये, त्यावर पुढचं बरंच ठरेल. गावनकाशाही काढा आणि डोंगरउतार किती आहे ते बघून ठेवा, १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला विकास नियमावलीतच बंदी असते, तो मुद्दा वेगळ्या ऑफिसचा आहे पण कामाला येतो.

परवानगी देताना आयुक्तांनी बघायचं असतं ते ट्रस्टचं हित, फायदा आणि संरक्षण. नुसते पैसे किती येतात एवढंच नाही. ट्रस्टींना अर्जात सांगावं लागतं की गरज काय, याने ट्रस्टचं भलं कसं होतं, ट्रस्टच्या मूळ कागदात याबद्दल काही लिहिलंय का, आणि सोबत व्हॅल्युएशन रिपोर्ट जोडावा लागतो. इथेच तुमची हरकत लावायची. ज्या ट्रस्टचा उद्देशच जागा लोकांना खुली ठेवणं आहे त्याने ती कुंपण घालून पाहुण्यांना द्यायची, यात ट्रस्टचं संरक्षण कुठलं? दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणत असतील तर विचारा की मागच्या दहा वर्षांचे ऑडिट रिपोर्ट कुठेत, वर्गणी काढली का, पुरातत्त्व खात्याला कधी लिहिलं का. सुप्रीम कोर्टाने १९८६ साली चेंचू रामी रेड्डी विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या केसमध्ये धर्मादाय संस्थांच्या मालमत्तेला डोळ्यात तेल घालून जपलं पाहिजे आणि खाजगीत वाटाघाटी करून ती देऊ नये, या अर्थाचं स्पष्ट म्हटलंय, तो निकाल तुमच्या वकिलाला जोडायला सांगा.

आता तुमची खरी अडचण. हरकत घेणार कोण म्हणून? तुम्ही लिहिलंय 'दानकर्त्याची नात म्हणून मी हरकत घेणार', ते करू नका, म्हणजे नात आहात हे लिहा जरूर पण त्यावर उभं राहू नका. कायद्यात 'हितसंबंध असलेली व्यक्ती' याची व्याख्या आहे, कलम २(१०), आणि या प्रकारच्या ट्रस्टला ती विश्वस्त किंवा लाभार्थी अशी आहे. दानकर्त्याचे वारस त्यात आपोआप येत नाहीत. पण लाभार्थी कोण? बक्षीसपत्रच सांगतंय, गावकरी आणि येणारे-जाणारे. म्हणजे तुमचा जो चुलतभाऊ गावात राहतो आणि रोज सकाळी टेकडीवर जातो तो लाभार्थी, ती म्हातारी शेळ्या घेऊन बारवेवर येते ती लाभार्थी, तुम्ही सुट्टीत मुलांना घेऊन वर जाता तेव्हा तुम्हीही. तुमचा हक्क आजोबांच्या रक्ताने आलेला नाही, त्या जागेवर पाय ठेवल्याने आलाय. मला स्वतःला हे फार मोलाचं वाटतं, कारण यामुळे ही भांडणं घराण्याची राहत नाहीत, गावाची होतात, आणि चॅरिटी ऑफिसमध्ये, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, दहा गावकऱ्यांच्या सह्यांचं वजन एका वारसाच्या रडगाण्यापेक्षा जास्त पडतं हे मी बघितलंय. (ट्रस्ट सोसायटी म्हणूनही नोंदलेला असेल तर त्याचे सभासदही हितसंबंधी ठरतात, ते नोंदणीच्या कागदावरून कळेल.)

इंग्लंडमधला नॅशनल ट्रस्ट तुम्ही ऐकला असेल, तुमच्या पत्रात 'परदेशात असं होत नाही' असं आहे म्हणून सांगतो. १८९५ साली तिघांनी मिळून तो काढला, ऑक्टेव्हिया हिल, पाद्री रॉन्सली आणि रॉबर्ट हंटर, हे हंटर पेशाने सॉलिसिटर होते. पहिली जागा मिळाली ती वेल्समधली समुद्राकडेची एक टेकडी, दिनास ओलेउ, एका बाईंनी दान दिलेली, तुमच्या आजोबांच्या टेकडीएवढीच, साडेचार एकरांच्या आसपास. पुढे १९०७ साली पार्लमेंटने खास कायदा केला की या ट्रस्टने ठरवलेल्या जमिनी विकताच येणार नाहीत. तेव्हा तिथे तुमच्या कलम ३६ पेक्षा भक्कम भिंत आहे, पण भोक तिथेही होतंच, लीजचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॅडनम इथली जमीन त्यांनी संरक्षण खात्याला बंकर बांधायला लीजवर दिली तेव्हा सभासदांनीच गदारोळ केला होता. आपल्याकडे अशी न विकता येणारी जमीन म्हणून खास तरतूद नाही, उलट ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम १० प्रमाणे हस्तांतरणावर पूर्ण बंदीची अट कागदात घातली तरी ती टिकत नाही. म्हणून आपलं सगळं बळ हेतूवर आणि आयुक्तांच्या परवानगीवर आहे.

तर आता क्रमाने नाही पण पटापट सांगतो. टेंडर नोटिशीचं ते कात्रण जपून ठेवा, तारखेसकट अख्खं पान, नुसता चौकोन कापू नका, कारण त्यात फक्त गट नंबर आहे, गावाचं नाव बारीक अक्षरात आणि बारवेचा उल्लेखच नाही, लोकांना कळूच नये असं लिहिलंय असं म्हणता येतं. चॅरिटी ऑफिसला जाऊन ट्रस्टच्या शेड्युल वनची, म्हणजे ट्रस्टची मिळकत आणि ट्रस्टी यांच्या सरकारी नोंदीची, सर्टिफाइड नक्कल काढा. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, टेकडी ट्रस्टची मिळकत म्हणून नोंदली आहे का, नसेल तर लगेच लेखी कळवा, कारण नोंद नसलेली जमीन गुपचूप फिरवणं सोपं जातं. दुसरं, आत्ताच्या ट्रस्टींची नावं चेंज रिपोर्टने मंजूर होऊन चढलीयेत का. ट्रस्टच्या त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत कळवावं लागतं, पण माझ्या अनुभवात निम्म्या ट्रस्टांचे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून असतात, बाप गेला आणि मुलगा खुर्चीत बसला एवढंच. नाव रेकॉर्डवर नसेल तर त्याने ठराव केला कशाच्या अधिकारात, हा प्रश्न पहिल्याच तारखेला विचारता येतो.

त्यांनी कलम ३६ चा अर्ज आधीच टाकलाय का ते तुमच्या विभागाच्या सहधर्मादाय आयुक्तांकडे विचारा, टाकला असेल तर त्यातच हरकत अर्ज द्या आणि पोच घ्या. एकदा परवानगी मिळून गेली की अपील आहे पण मुदत फार थोडी असते आणि तोवर जेसीबी टेकडीवर चढलेला असतो. आणि समजा अर्ज न टाकताच त्यांनी ताबा द्यायला सुरुवात केली, तर कलम ४१ई आहे, ट्रस्टची मिळकत धोक्यात आहे असं दोन हितसंबंधी व्यक्तींनी ॲफिडेव्हिटसह कळवलं तर आयुक्त मनाईहुकूम देऊ शकतात. दोन माणसं लागतात, चुलतभाऊ एक आणि दुसरा तुमच्या घराबाहेरचा गावकरी घ्या, घरातलीच दोन नावं देऊ नका. ट्रस्टींना काढून टाकायचा अर्ज, कलम ४१डी, तो नंतर, आत्ता सगळं एकदम केलं तर मूळ मुद्दा बाजूला पडेल आणि त्यांना म्हणता येईल की ह्यांना ट्रस्ट ताब्यात घ्यायचाय. कलम ५० चा दावाही आहे, त्याला आधी आयुक्तांची संमती लागते आणि तो लांबचा रस्ता आहे.

काकांना मात्र समजवा. जमीन परत द्या मग आम्ही सांभाळू असं ते कुठल्याही कागदावर लिहितील तर समोरचा वकील तेवढंच वाचून दाखवेल. वाद वारसांचा नाही, हे प्रत्येक अर्जात दिसलं पाहिजे, शक्य असेल तर तुम्ही आणि काकांनी एका ओळीचं लिहून द्या की आम्हाला या जमिनीवर कसलाही मालकी हक्क सांगायचा नाही. जड जाईल त्यांना, मला कल्पना आहे, पण हे लिहून दिल्यावर तुमची बाजू दुप्पट जड होते.

बारव राज्य पुरातत्त्व खात्याच्या यादीत नाही असं तुम्ही म्हणताय, तरीही एक पत्र आणि फोटो त्यांना पाठवून ठेवा, १९६० च्या राज्याच्या कायद्याखाली संरक्षित स्मारक करा अशी मागणी घाला, होईल तेव्हा होईल पण आयुक्तांपुढे ते पत्र दाखवता येतं. फोटो नीट काढा, थारोळं, पायऱ्या, पाण्याची पातळी, आत्ता लोक वावरतायत ते सुद्धा, पायवाट दिसली पाहिजे. आणि शिलालेखाचा फोटो सकाळी लवकर काढा, तिरपं ऊन असतं तेव्हा, दुपारी जाल तर अक्षरं उठत नाहीत आणि दगड नुसता सपाट दिसतो.