‘फक्त मुलींसाठी’ भरतीतली नोकरी सोडावी का?

प्रश्न : उद्यमनगरात माझं लहान मशीन शॉप आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ८.४. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं फक्त मुलींसाठी भरती काढली होती, त्यात तिची निवड झाली. पॅकेज चांगलं आहे. पण तिचे मामा म्हणतात, ही मुलगी म्हणून दिलेली नोकरी आहे, कंपनीला फोटोत बायका दाखवायच्या असतात. अमेरिकेत हे सगळं बंद पडत चाललंय, उद्या आधी हिलाच काढतील. टेस्ट अवघड होती असं मुलगी म्हणते, पण ती म्हणणारच. आम्ही शाहूंच्या कोल्हापूरची माणसं, फुकटचं आम्हाला नको. तिनं ही ऑफर सोडून एमपीएससी किंवा बँकेची तयारी करावी असं मला वाटतं. धाकटा मुलगा त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, त्याचे दोन विषय राहिलेत. अशा भरत्या निघाल्या तर मुलांनी जायचं कुठं? सोमवारपर्यंत कंपनीला कळवायचं आहे.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात मला खटकलं ते ‘ती म्हणणारच’. मामांचं म्हणणं तुम्ही सविस्तर लिहिलंत. त्यांनी ती टेस्ट बघितलेली नाही, मुलाखतीला ते बसलेले नाहीत. जी बसली, तिचं म्हणणं मात्र अर्ध्या ओळीत निकालात काढलंत. एक साधी गोष्ट केली असती तर बरं झालं असतं. टेस्टमध्ये काय आलं होतं, हे तिला विचारायचं. कळलं नसतं तरी चाललं असतं.

अशा मुली माझ्याकडे येतात. नोकरी लागून वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं, काम जमत असतं, पण मीटिंगमध्ये तोंड उघडायचं धाडस होत नाही. शंका विचारली की कुणीतरी म्हणेल, ‘बघा, म्हणूनच घेतलंय हिला.’ ऑफिसात असं म्हणणारे असतातच, नाही असं नाही. पण बहुतेकींनी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलेलं असतं ते घरी, निवड झाली त्याच आठवड्यात. बाहेरच्यांना तोंड देता येतं. बापालाच तसं वाटत असेल तर पोरीनं भांडायचं कुणाशी?

आता तुमचा मुख्य गैरसमज. मुलींसाठी वेगळी भरती म्हणजे आरक्षण नव्हे. खासगी सॉफ्टवेअर कंपनीनं अमुक टक्के मुली घ्याव्यात असा कायदा आपल्याकडे नाही. अशा भरतीत वेगळं असतं ते बोलावणं. बहुतेक चांगल्या कंपन्यांत त्यापुढचा कोडिंगचा पेपर आणि तांत्रिक मुलाखती नेहमीच्याच असतात. काही कंपन्या आकडा भरायला चाळण सैल करतात, हे मी लपवणार नाही. पण त्याचा शोध लागायला मामा उपयोगाचे नाहीत. मुलीला विचारा, किती फेऱ्या झाल्या, काय विचारलं, तिच्याबरोबर बसलेल्या किती जणी गळाल्या.

मग वेगळं बोलावणं तरी कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या शॉपमध्ये लेथवरचा शेवटचा माणूस कसा आला ते आठवा. जुन्या कामगारानं भाऊबंद आणला असेल, किंवा शेजारच्या शॉपवाल्यानं शब्द टाकला असेल. त्यात गैर काही नाही, माणूस भरवशाचा मिळतो. पण त्या वाटेनं वर्षानुवर्षं त्याच गावातली, त्याच ओळखीतली माणसं येत राहतात. सॉफ्टवेअर कंपन्यांतही रेफरलनं पुष्कळ भरती होते. आतले मित्रांची नावं देतात, त्या मित्रांची कॉलेजं ठरलेली असतात, आणि त्या यादीत कोल्हापूरचं कॉलेज वरच्या ओळीत नसतं. तुमच्या मुलीपुढचा अडसर ती मुलगी आहे एवढाच नव्हता.

जुन्या सवयी किती चिवट असतात, याचं एक जाहीर उदाहरण आहे. ॲमेझॉननं २०१४ पासून नोकरीचे अर्ज चाळणारा एक प्रोग्राम बनवायला घेतला होता. शिकण्यासाठी त्याला आधीच्या दहा वर्षांतले अर्ज दिले, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. त्यावरून प्रोग्राम असं शिकला की अर्जात ‘महिला’ हा शब्द आला, अगदी ‘महिला बुद्धिबळ क्लबची कॅप्टन’ असा आला, तरी गुण कमी करायचे. दुरुस्त्या करूनही भरवसा वाटेना, तेव्हा कंपनीनं तो मोडीत काढला. २०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं त्याची बातमी दिली. प्रोग्रामला कुणी दुष्टपणा शिकवला नव्हता. मागचंच पुढे चालवलं की एवढं आपोआप होतं.

कंपन्या हे पुण्य म्हणूनही करत नाहीत. ॲपलनं २०१४ मध्ये आरोग्याचं ॲप आणलं तेव्हा त्यात शरीराच्या कितीतरी नोंदी ठेवता येत होत्या, मासिक पाळीची मात्र नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. निम्मं गिऱ्हाईक विसरणं कुठल्याच धंद्याला परवडत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार!

‘शाहूंच्या कोल्हापूरची माणसं’ हे वाचून मला हसू आलं, माफ करा. २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला तो याच शाहू महाराजांनी. त्या जागा फुकटच्या आहेत असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि जिथं तुम्ही मुलीला पाठवू बघताय त्या राज्य सेवेत तर महिलांसाठी ३० टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमध्येच धरलेलं, आरक्षण आहे. म्हणजे जिथं मुलींचा कोटा नाही ती नोकरी तुम्हाला दान वाटते, आणि जिथं आहे ती स्वाभिमानाची. मला आरक्षणात काहीच कमीपणा वाटत नाही. पण तुमचा हिशेब तुमच्याच नियमानं चुकतोय.

एमपीएससीला खुल्या गटातूनही ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, बँकांच्या आयबीपीएस परीक्षेतून अधिकारी (पीओ) व्हायला ३० पर्यंत. त्या वाटा सोमवारी बंद होत नाहीत.

अमेरिकेबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. फेसबुकवाल्या मेटानं जानेवारी २०२५ मध्ये भरतीत महिलांना आणि मागे राहिलेल्या इतर गटांना पुढे आणणारे कार्यक्रम गुंडाळले, पुढच्याच महिन्यात गूगलनं भरतीतली अशी उद्दिष्टं सोडली. त्याचे पडसाद पुण्यातही उमटू शकतात. पण दार लागणार असेल तर ते उघडं असताना परत फिरण्यात काय शहाणपण? एकदा आत गेल्यावर कपातीच्या वेळी प्रोजेक्ट कुठला आणि काम कसं, हे बघितलं जातं. कपात होणारच नाही अशी हमी कुठल्याच खासगी नोकरीत नाही, मुलाला लागली तरी नाही.

मला काळजी आहे ती दुसरीच. अशा भरतीतून आलेल्या मुलींना कधी कधी टीममध्ये मीटिंगची टिपणं काढायला, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायला, माहितीपत्रकाच्या फोटोला पुढं करतात आणि कोड लिहायचं काम दुसऱ्याकडे जातं. मामांच्या टोमण्यात एवढं तथ्य आहे. म्हणून होकार देण्याआधी तिनं विचारून घ्यावं : टीम कुठली, काम डेव्हलपमेंटचं की सपोर्टचं? त्याच पदावर बाकीच्या भरतीतून आलेल्यांची ग्रेड आणि पगार तोच आहे ना? बाँड असेल तर किती वर्षांचा? रात्रीची शिफ्ट असेल तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची, येण्याजाण्याची सोय कंपनीनं करायची असते. हे प्रश्न विचारल्यानं कुणी ऑफर मागं घेत नाही. घेतलीच, तर सुटलो म्हणायचं.

लग्नाचा विषय तुम्ही पत्रात काढला नाहीत, पण एमपीएससीच्या आग्रहामागे तो असावा असा माझा अंदाज आहे : सरकारी नोकरी, जमलं तर जवळची बदली, स्थळं बरी. मुली या क्षेत्रातून बऱ्याचदा गळतात त्या काही वर्षांनी, घर आणि मूल सांभाळताना. कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोयही करावी लागते. तरीही नोकरी सुटते, कारण घरातलं कुणी मागं उभं राहत नाही. तुमची खरी परीक्षा तेव्हा आहे. आत्ताच पेपर सोडून उठू नका.

कंपनीचा मेल तिच्या नावावर आलाय, उत्तर तिचं तीच देईल. वाटल्यास पुण्याला एकदा तिच्याबरोबर जाऊन ऑफिस, राहायची जागा बघून या.

राहिला धाकटा. सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडिंग स्पर्धा आणि ऑफ-कॅम्पस भरत्या वर्षभर चालू असतात, त्यात मुलांना मज्जाव नाही. पण एटीकेटी असलेल्याला बऱ्याच कंपन्या पेपरलाच बसू देत नाहीत. त्याचे दोन विषय महिला भरतीमुळे राहिलेले नाहीत. ते कोणते आणि का राहिले, हे त्यानं स्वतः लिहून पाठवलं तर त्याला वेगळं उत्तर देईन.