वादविवादाची तयारी डेटाबेसवर कशी करू?

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वादविवाद स्पर्धेसाठी विषय आलाय, ‘मुलींच्या लग्नाचं किमान वय २१ करावं’. मला अनुकूल बाजू मिळाली आहे. इंटरनेटवर दोन्हीकडून नुसती भांडणं दिसतात. लायब्ररीतून एन-लिस्टचा (कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं वाचायला देणारी सोय) आयडी मिळाला, पण ‘चाइल्ड मॅरेज’ टाकलं की लेखांचा डोंगर समोर येतो आणि त्यातले कितीतरी परदेशांवरचे. नेमकं कसं शोधू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आयडी मागून घेतलास, याचा फार आनंद झाला. कॉलेजची ग्रंथपाल म्हणून मी बघते, एन-लिस्ट नावाची काही सोय आपल्यासाठी आहे हे कळायच्या आतच कितीतरी मुलामुलींची पदवी होऊन जाते.

आधी शोधाची चौकट नीट भर. या विषयावर लिहिणारे एकच शब्द वापरत नाहीत. म्हणून ‘चाइल्ड मॅरेज’, ‘अर्ली मॅरेज’, ‘एज अ‍ॅट मॅरेज’ हे तिन्ही इंग्रजीत, प्रत्येक दुहेरी अवतरणात टाक, मध्ये ‘ऑर’ लिही आणि तिन्हींना मिळून एक कंस कर. पुढे ‘अँड’ लिहून इंडिया. तरीही ढीग मोठा वाटला तर आणखी एक ‘अँड’ आणि महाराष्ट्र. मग बाजूच्या गाळणीत वर्ष २०२० पासून पुढचं निवड. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने जया जेटली यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं आणि तिथून हा वाद नव्याने पेटला. एक चांगला लेख हाती लागला की त्याच्या सारांशाखाली दिलेल्या विषयशब्दांवर क्लिक कर आणि शेवटची संदर्भसूची वाच. पुढचे लेख तिथूनच सापडतात.

तारीख मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. वय २१ करणारं विधेयक २१ डिसेंबर २०२१ ला लोकसभेत मांडलं गेलं आणि स्थायी समितीकडे गेलं. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बारगळलं. २०२२ च्या लेखात ‘विधेयक समितीपुढे आहे’ असं असेल आणि तू ते तसंच बोललीस, तर समोरचा पहिल्याच फेरीत तुला धरेल. २०२४ मध्येच हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने वय २१ करण्याचं विधेयक मंजूर केलं. हा मुद्दा तुझ्या बाजूचा आहे, सोडू नकोस.

आता आकडे. हे डेटाबेसमधल्या कुणाच्या लेखातून उचलू नकोस, मुळातून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अहवाल मोफत मिळतात. हे सर्वेक्षण देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या देशात २३.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के होत्या. चौथ्या फेरीत हेच आकडे २६.८ आणि २६.३ होते. नीट बघ, हे प्रमाण ‘सगळ्या मुलींचं’ नाही, २० ते २४ वयाच्या स्त्रियांचं आहे. व्यासपीठावर हीच गफलत सर्रास होते. आणि जिल्ह्याचं पत्रकही उघड. तुझ्या बीडचं प्रमाण राज्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

याच आकड्यावर समोरचा काय म्हणेल? १९७८ पासून कायद्यात १८ आहेच, तरी ही अवस्था, मग २१ लिहून काय होणार? हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, आधी प्रतिकूल बाजूचे लेख शोध आणि त्यातला सर्वांत चांगला लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाच. आपल्या बाजूचं तर कुणीही गोळा करतं. तिसरीही बाजू आहे : विधी आयोगाने २०१८ च्या सल्लामसलत पत्रात मुलगा-मुलगी दोघांनाही १८ असं सुचवलं होतं. समानतेचा मुद्दा मांडणार असशील तर याचं उत्तर तयार ठेव.

शोधगंगा विसरू नकोस. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध तिथे कुणालाही वाचता येतात, मराठीतलेही. ‘ऊसतोड कामगार’ टाकून शोध. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि त्या कोयत्यावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. आईबाप सहा-सहा महिने फडावर, मागे वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून हंगामाआधी लग्न उरकायचं. हे तू आजूबाजूला पाहिलंच असशील. प्रबंधात सर्वेक्षणाचं प्रकरण काढ, किती कुटुंबांशी बोलून लिहिलंय ते पाहा. चाळीस घरांवरून सगळ्या मराठवाड्याचा निष्कर्ष काढला असेल तर तो तेवढ्याच बेताने वापर. असे तक्ते पाहिल्यावर वादाचा मुद्दा नुसता वयाचा राहत नाही. हंगामी वसतिगृह, गावातली पुढची शाळा, जायला एसटी, हे सगळं त्यात येतं.

माझं मत तू विचारलेलं नाहीस, पण या विषयावर गप्प राहणं मला जमत नाही. कायद्याचा आकडा वाढवण्याआधी मुलगी बारावीपर्यंत शाळेत टिकेल अशी सोय व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. म्हणजे मी तुझ्या बाजूची नाही. तरी तू जिंकावंस, पण समोरच्याचा मुद्दा पुरता ऐकून.

जुनं काही हवं असेल तर १८९१ चा संमतिवयाचा कायदा शोध. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं दहाचं वय बारा करायचं तर टिळकांचा ‘केसरी’ विरोधात आणि आगरकरांचा ‘सुधारक’ बाजूने होता. भाषणात मात्र त्याला दोन वाक्यांहून जास्त वेळ देऊ नकोस.

प्रत्येक टिपणाखाली लेखकाचं नाव, नियतकालिक, वर्ष आणि पान तिथल्या तिथे लिहून ठेव. एखाद्या लेखाचा फक्त सारांश दिसला आणि पूर्ण मजकूर उघडला नाही, तर पैसे भरू नकोस. शीर्षक घेऊन तुमच्या ग्रंथपालांकडे जा, दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतो.