लॅपटॉप तापतो, फॅन घोंघावतो: तुमचे प्रश्न

उन्हाळा लागला की हेच प्रश्न यायला लागतात, म्हणून एकत्रच उत्तरं देतोय.

प्र. फॅनच नसलेला लॅपटॉप मिळतो का?

मिळतो. ॲपलच्या मॅकबुक एअरला २०२० च्या एम१ चिपपासून फॅन नाही. सलग तासभर व्हिडिओ रेंडर केला तर मात्र तो तापतो आणि स्पीड कमी करतो, तेव्हा तसलं काम असेल तर तेच काम त्यावर करणाऱ्या कुणाला तरी विचारून मगच घ्या.

प्र. मुलीला इंजिनिअरिंगसाठी आय७ (इंटेलचा प्रोसेसर) असलेला लॅपटॉप घ्यायचाय. दुकानदार म्हणतो आय७ सगळे सारखेच, स्वस्त पडेल तो घ्या. पण तो शांत चालायला हवा.

सारखे नसतात हो! दरवर्षी जूनमध्ये हेच ऐकतोय आणि दरवर्षी लोक फसतात. आय७ च्या पुढचा पूर्ण नंबर आणि त्याच्या शेवटचं अक्षर बघा. आय७-१२५५यू ची बेस पॉवर (सलग कामाला धरलेली वीज) १५ वॉट, आय७-१२७००एच ची ४५ वॉट, आणि जोर लागला की पहिला ५५ पर्यंत जातो तर दुसरा ११५ पर्यंत. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, ती बाहेर टाकायला फॅन फिरणार, आणि बॉडी जितकी पातळ तितका तो जोरात फिरणार. स्टिकरवर नुसतं आय७ असतं, अक्षर कुठेतरी बारीक टायपात, आणि हे चुकून होत नाही. नवीन घेताय तर इंटेलच्याच कोअर अल्ट्राची २०० व्ही सिरीज बघा, त्यातले बहुतेक १७ वॉट बेसचे आणि ३७ च्या वर जात नाहीत. चार्जरवरही नजर टाका, ६५ वॉटचा असेल तर मशीन साधारण शांत प्रकारातलं, २३० वॉटचा असेल तर ते गेमिंगचं आहे, मग दुकानदार काहीही म्हणो. आणि एवढं करूनही एकच चिप दोन कंपन्या वेगवेगळ्या मर्यादेवर चालवतात, त्यामुळे फॅनचा आवाज डेसिबलमध्ये मोजलेला रिव्ह्यू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याआधी कॉलेजच्या विभागात विचारून घ्या कोणतं सॉफ्टवेअर लागणार आहे, कारण थ्रीडीच्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागलं तर हा सगळा हिशोब बदलतो.

प्र. कूलिंग पॅड घ्यावा का?

हवा खालून आत ओढणारा लॅपटॉप असेल तर थोडा फरक पडतो, नाहीतर पैसे वाया.

प्र. नागपूरला दुपारी बिनएसी खोलीत काम करतो, मशीन गादीवर असतं. फॅन थांबतच नाही. व्हिडिओ बघून स्वतः खोलून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर जायला लावलेला लेप) बदलू?

आधी गादीवरून उचला, खालच्या जाळ्या बंद होतायत. बऱ्याच कंपन्या ३५ डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठीच लॅपटॉप बनवतात, मेमध्ये तुमच्याकडे बाहेर ४५ असतात, तेव्हा जड काम सकाळी उरका. विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशिअन्सी'वर ठेवा, आवाज लगेच कमी होईल. खोलायचं म्हणाल तर वॉरंटी चालू आहे का ते आधी बघा, आणि जमत नसेल तर सर्व्हिस सेंटरला द्या. व्हॅक्युम क्लिनर लावू नका.

प्र. ट्रॅकपॅड वर आलाय, क्लिक होत नाही. मित्र म्हणतो उष्णतेने होतं, थंडीत बसेल.

बसणार नाही. बॅटरी फुगलीय. आत्ता चार्जर काढा, मशीन बंद करा, वर आलेला भाग दाबू नका, टोचू नका, पेट घेऊ शकते. आजच सर्व्हिस सेंटरला फोन करा. 'अजून चालतोय ना' म्हणत लोक महिनोन् महिने तसाच मांडीवर घेऊन बसतात, ते वाचलं की खरंच राग येतो. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

प्र. सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप स्वस्तात मिळतोय, फक्त टायपिंगला वापरला तर शांत राहील ना?

भरवसा नाही. जुनी पेस्ट वाळलेली, फॅनमध्ये धूळ बसलेली असते. घ्यायचाच असेल तर ओळखीच्या टेक्निशियनला सोबत न्या आणि अर्धा तास चालू ठेवून बघा.