सांगली सोडू की नोकरी?

प्रिय मैत्रिणी,

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये तू पुण्यात हिंजवडीतली भाड्याची खोली सोडून सांगलीला सासरी आलीस आणि तिथूनच ऑफिसचं काम करत रुळलीस. मुलगी बालवाडीत जाते, सासूबाईंचा आधार आहे, नवऱ्याची कॉलेजातली नोकरीही सांगलीचीच. आता नवे मॅनेजर म्हणतायत, पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला यायचं. त्यातच तुझ्या मागून नोकरीला लागलेल्या मुलाला बढती मिळाली, आणि टीममधल्या एकीचं लग्न ठरल्याचं तुला ग्रुपवरच्या फोटोतून कळलं. म्हणून तू विचारतेस, सांगली सोडू की नोकरी?

यातलं काहीही सोडायची वेळ अजून आलेली नाही. पण आधी एक बोलते, राग मानू नकोस. तुझ्या पत्रात बढतीबद्दल चार ओळी आहेत आणि त्या फोटोबद्दल जवळजवळ पानभर. तुला जास्त लागलंय ते तेच, आणि लागण्यासारखंच आहे. घरून काम करणारी बाई म्हणजे आरामात असणार, असं सगळे धरून चालतात. दार लावून दिवसभर पडद्याशी बोलताना येणारा एकटेपणा घरातल्यांनाही दिसत नाही.

हे तुझ्या एकटीचं नाही. सीट्रिप नावाच्या चिनी प्रवास कंपनीनं २०१०-११मध्ये शांघायच्या कॉल सेंटरमधल्या काही जणांना नऊ महिने घरून काम करू दिलं. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोग अभ्यासला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. पण तेवढंच चांगलं काम करूनही बढती मिळण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी राहिलं, आणि प्रयोग संपल्यावर जवळपास निम्मे लोक आपण होऊन ऑफिसात परतले. त्यांची मोठी तक्रार एकटेपणाचीच होती. पुढं त्याच कंपनीत सोळाशेहून जास्त कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला. त्यात आठवड्याचे दोनच दिवस घरून, बाकी ऑफिसात. सोडून जाणारे एक तृतीयांशानं घटले आणि बढतीत काही फरक पडला नाही. तेव्हा तुझे मॅनेजर अगदीच चुकीचं मागत नाहीयेत. माणसं भेटत राहिली पाहिजेत, हे मलाही पटतं.

फक्त ती शांघायची माणसं त्याच शहरात राहत होती. सांगली ते पुणे सुमारे २३० किलोमीटर, वर हिंजवडीची कोंडी. दर आठवड्याला तीन दिवस म्हणजे घर दोन गावांत वाटून घेणं. म्हणून 'तीनऐवजी दोन दिवस चालतील का' अशी घासाघीस करू नकोस. कोणत्या कामासाठी यायचं आणि तेव्हा समोर कोण असणार, हे ठरवून घे. नाहीतर तू पहाटे उठून पोचशील, निम्मी टीम त्या दिवशी घरी असेल आणि तू हेडफोन लावून तेच कॉल घेत बसशील. असे दिवस मोजून कुणाचं भलं होत नाही.

मॅनेजरांना सरळ मेल कर. 'दर आठवड्याला तीन दिवस मला शक्य नाही. दर महिन्याला सलग तीन दिवस येईन, सॉफ्टवेअरच्या पुढच्या रिलीजचं नियोजन असतं त्या आठवड्यात. तारखा तिमाहीच्या सुरुवातीलाच ठरवू आणि त्या दिवशी सगळी टीम ऑफिसात असेल असं बघू. तीन महिन्यांनी एकत्र बसून काय अडलं ते पाहू.' एवढं पुरे. सासूबाई, मुलगी, गुडघेदुखी यातलं काहीही त्यात लिहू नकोस. बढतीचा विषयही त्यात नको. त्यासाठी वेगळा वेळ माग आणि विचार, 'माझ्या कामात काय कमी पडलं?' उत्तर मोघम आलं तर उदाहरण माग.

त्या तीन दिवसांत पडद्यावरून होणारं काम हातात घेऊ नकोस. नव्या लागलेल्या दोघांच्या शेजारी बस आणि तुझी टेस्टिंगची पद्धत त्यांना दाखव. डबा जागेवर एकटीनं खाऊ नकोस. चहाला सगळे खाली उतरतात तेव्हा तूही उतर, काम साठलेलं असलं तरी. आणि त्या मैत्रिणीच्या लग्नाला जा. बोलावणं उशिरा आलं म्हणून मनात धरू नकोस, तिला तू लांबची वाटायला लागली असशील.

उरलेल्या दिवसांसाठी एक गोष्ट आग्रहानं माग. तू लिहितेस, सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीला, आठ जण कॉन्फरन्स रूममध्ये एका माइकभोवती बसतात आणि तू भिंतीवरच्या चौकटीत. कुणीतरी काही बोलतं, सगळे हसतात, तुला ऐकू येत नाही. तू म्यूट काढेपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. यावर साधा उपाय आहे: एक जण जरी बाहेरून असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरूनच कॉलला यायचं. आणि चहावर ठरलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दोन ओळींत लिहायची. याला पैसे लागत नाहीत, मॅनेजरांनी मनावर घेतलं की झालं.

घरीही आधीच बोल. ते तीन दिवस मुलगी नवऱ्याची. तिचा डबा, तिची शाळा, तिचं औषध सगळं त्याचं. जायच्या आदल्या रात्री उठून भाज्या करून फ्रिजमध्ये लावू नकोस. त्याला जमेल. पहिल्या महिन्यात नाही जमलं तर दुसऱ्या महिन्यात जमेल.

मॅनेजरांनी नाहीच ऐकलं, तर नेमणूकपत्र काढून कामाच्या ठिकाणाबद्दल काय लिहिलंय ते नीट वाच. पुणे लिहिलं असेल तर भांडायला फारशी जागा नाही. मग शांतपणे दुसरीकडे अर्ज करायला लाग, पण हातात नव्या नोकरीचं पत्र पडेपर्यंत राजीनामा देऊ नकोस. मेलला काय उत्तर येतं ते मला जरूर कळव.

तुझी,
ताई