शेजारच्या कॉटवर कोण आहे?

जून-जुलैत मुलं शिकायला पुण्यात येतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर आईवडिलांचे फोन सुरू होतात. "मॅडम, पोरगी घरी आली तरी मोबाईलमधून डोकं वर काढत नाही. काढून घेऊ का?" समुपदेशक म्हणून हे इतक्यांदा ऐकलंय, की एका मुलीची गोष्ट तिच्या संमतीनं, ओळख पटणार नाही अशा बेतानं सांगते.

एम.एस्सी.चं पहिलं वर्ष, लातूरकडचं गाव, पुण्यात कॉट बेसिसवर खोली. रात्री दोनपर्यंत इन्स्टाग्राम, सकाळचं लेक्चर बुडालेलं, डबा खोलीवर आणून फोनकडे बघत खायचा. "सगळ्यांचे ग्रुप झाले, मीच कोणाला नकोय," हेच ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "काल टाकलेली स्टोरी दाखव." तळजाई टेकडीवरचा सूर्यास्त होता. ती कोणी कोणी पाहिली, ती यादी तिला तोंडपाठ होती.

"ही कोण?"

"रूममेट. टाकल्या टाकल्या पाहिली तिनं. साडेबारा वाजले असतील."

"तेव्हा ती कुठे होती?"

"शेजारच्या कॉटवर."

"मग बोललात काही?"

"नाही. लाइट बंद होता."

ती त्या नावाकडे बघत राहिली. मी गप्प बसले. अशा वेळी गप्प बसणं मला वर्षानुवर्षांच्या कामानं शिकवलंय. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, ती पण रोज जागीच असते."

मी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीनं काम करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला घेतलेली ही पद्धत सांगते, की प्रसंगापेक्षा आपण त्याचा लावलेला अर्थ जास्त छळतो. शंभर जणांनी स्टोरी पाहिली, कोणी चौकशी केली नाही, म्हणजे 'मी नकोशी' हा तिचा अर्थ. ते शंभरही आपापल्या कॉटवर तसेच जागे असतील, हे तिला त्या एका नावामुळे दिसलं. मी सांगून दिसलं नसतं.

"तिला मेसमध्ये जेवायला येतेस का विचार. नाही म्हणाली तर?"

"वाईट वाटेल."

"सोसेल?"

"...सोसेल."

पहिल्या दिवशी रूममेट नाहीच म्हणाली, तिचं सबमिशन होतं. तिसऱ्या दिवशी आली.

म्हणून पालकांना सांगते, फोन हिसकावू नका. गावाकडच्या मैत्रिणीही त्यातच आहेत. रात्री तो कॉटपासून लांब चार्जिंगला लागला तरी पुष्कळ. झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. 'जगून काय उपयोग' असं कानावर आलं, तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो.

आणि "किती वेळ मोबाईल बघतेस?" याऐवजी "आज कोणाबरोबर जेवलीस?" असं विचारा. या मुलीच्या आईनं विचारलं, तेव्हा पहिलं उत्तर आलं, "एकटीच." आईनं उपदेश केला नाही. "भाजी कसली होती गं?" एवढंच म्हणाली. पोरगी वीस मिनिटं बोलत होती.