द्राक्षबागेला पाणी कमी पडतंय. कोणत्या अवस्थेत ताण चालतो?

फुलोरा ते मणी सेटिंग (फुलांतून मणी धरणं) या काळात अजिबात नको. तेव्हा पाणी तुटलं की फुलगळ होते, मणी कमी धरतात. ते नुकसान पुढे कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही. सेटिंगनंतर मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागेपर्यंत, हलका ताण वेल सोसते. शेंड्याची वाढ थांबते, मणी थोडे लहान राहतात. वाईनच्या द्राक्षांत हा ताण मुद्दाम देतात. खायच्या द्राक्षांत आकारालाच भाव, त्यामुळे तिथे हात आखडता घेऊ नये.

पाणी उतरल्यावर कोरड्या जमिनीत एकदम भरपूर पाणी सोडलं तर मण्यांना तडे जातात. थोडं, पण नियमित द्या.

ताण ओळखायला शेंडा आणि बाळ्या (वेलीचे आधाराला गुंडाळणारे तंतू) बघा. पानं सुकण्याआधी त्या मलूल होतात. प्रेशर चेंबर (पानातला पाण्याचा ताण मोजायचं यंत्र) मिळालं तर उत्तमच: दुपारी पानाचं वाचन उणे 10 बारच्या आसपास असेल तर वेल निवांत, उणे 15 च्या खाली गेलं तर ताण तीव्र. जमीन वरून कोरडी दिसली म्हणून घाबरू नका, दीड-दोन फूट खालची माती मुठीत दाबून बघा. ठिबकखाली आच्छादन मात्र हवंच.